बिओन्दी सान्तीची ब्रुनेल्लो कशी निवडावी, जपावी आणि उघडावी

इटलीहून येणाऱ्या नातेवाइकाने हौसेने महागडी तांबडी वाइन आणावी, जेवणाच्या पाच मिनिटे आधी तिचे बूच काढावे आणि पहिल्या घोटानंतर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहत "फारच आंबट आणि तुरट आहे हो" असे म्हणावे, हा प्रसंग मी निरनिराळ्या तीन घरांत पाहिला आहे. त्यांपैकी दोन वेळा टेबलावर बिओन्दी सान्ती घराण्याची ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो होती. दोष वाइनचा नव्हता आणि पिणाऱ्यांच्या जिभेचाही नव्हता. दहा-वीस वर्षे थांबण्यासाठी घडवलेली वस्तू त्यांनी पाच मिनिटांत संपवायला घेतली होती. अशी बाटली आपल्या घरी आली किंवा आपण ती विकत घ्यायचे ठरवले, तर तिला तिचा वेळ कसा द्यावा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

ही वाइन अशी का आहे

तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर मोन्ताल्चिनो नावाचे डोंगरमाथ्यावरचे छोटे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ५६४ मीटर. आग्नेयेला १,७३८ मीटर उंचीचा मोन्ते अमिआता हा जुना ज्वालामुखी उभा आहे, आणि त्या बाजूने येणारी वादळे तो पुष्कळशी अडवतो, असे तिथले बागायतदार मानतात. या गावाच्या आग्नेयेला, सरूच्या झाडांच्या दुतर्फा रांगेतून जाणाऱ्या वाटेच्या शेवटी 'तेनुता ग्रेप्पो' हा बिओन्दी सान्तींचा मळा लागतो. बागा चारशे ते पाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री गारवा असतो, द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांतला आंबटपणा उन्हाने जळून जात नाही. या वाइनच्या दीर्घायुष्याचे निम्मे रहस्य या गारव्यात आहे. उरलेले निम्मे एका कुटुंबाच्या हट्टात आहे.

एकोणिसाव्या शतकात मोन्ताल्चिनोची ख्याती होती ती मोस्कादेल्लो या गोड पांढऱ्या वाइनसाठी. क्लेमेन्ते सान्ती हे औषधशास्त्र जाणणारे गृहस्थ होते. त्यांनी लाल वाइनकडे लक्ष वळवले आणि १८६५ च्या हंगामातील त्यांच्या 'ब्रुनेल्लो'ला १८६९ मध्ये मोन्तेपुल्चानोच्या कृषी प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. त्यांची मुलगी कातेरिना हिचा विवाह फ्लॉरेन्सच्या याकोपो बिओन्दी यांच्याशी झाला, आणि त्यांचा मुलगा फेरुच्चो याने आजोळ आणि वडील अशी दोन्ही आडनावे जोडून घेतली. तरुणपणी गारिबाल्दींच्या सैन्यात लढून आलेल्या फेरुच्चोने ग्रेप्पोच्या बागेतून सांजोव्हेजे जातीचे निवडक वेल हेरले आणि त्यांच्यावरून नवी लागवड केली. त्या काळात युरोपभर फायलोक्सेरा या वेलांच्या मुळांवर जगणाऱ्या किडीने बागा उद्ध्वस्त होत होत्या. हाती आलेले पीक चटकन विकता यावे म्हणून बहुतेक शेतकरी ताजी, हलकी, मिश्र वाइन करत होते. फेरुच्चोने नेमके उलट केले. एकाच जातीची द्राक्षे, कमी उत्पन्न, लाकडाच्या मोठ्या पिंपांत काही वर्षांचा मुक्काम आणि मग बाटलीत आणखी वर्षे. १८८८ ची त्याची वाइन ही आज आपण ओळखतो त्या ब्रुनेल्लोची सुरुवात मानली जाते, आणि त्या वर्षाच्या अगदी मोजक्या बाटल्या ग्रेप्पोच्या तळघरात जपून ठेवलेल्या आहेत.

फेरुच्चोचा मुलगा तान्क्रेदी हा शिकलेला वाइनतज्ज्ञ होता. १९४४ मध्ये युद्धाची आघाडी जवळ येत चालली, तेव्हा त्याने जुन्या रिझर्व्हा, म्हणजे उत्तम हंगामांत केलेल्या खास बाटल्या तळघरात भिंत बांधून तिच्यामागे दडवल्या. घरातले दागिने लपवावेत तशा त्याने बाटल्या लपवल्या, कारण त्यांतल्या काही बाटल्यांना तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे झाली होती आणि त्या पुन्हा करता येणार नव्हत्या. जुन्या बाटल्यांतली वाइन बुचातून उडून कमी होते, ती त्याच वर्षाच्या वाइनने भरून पुन्हा नवे बूच लावण्याची प्रथाही त्यानेच १९२७ मध्ये सुरू केली. त्याचा मुलगा फ्रान्को याने २०१३ साली वयाच्या ९१ व्या वर्षी निधन होईपर्यंत ही शैली तसूभरही बदलू दिली नाही. सर्वत्र गडद, दाट, नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास असलेल्या वाइनची लाट आली तेव्हाही तो मोठ्या जुन्या पिंपांना चिकटून राहिला. २०१६ च्या अखेरीस या मळ्याचा बहुसंख्य हिस्सा फ्रान्सच्या ईपीआय समूहाकडे गेला. पायपर हाइडसिक आणि चार्ल्स हाइडसिक या शॅम्पेनही त्याच समूहाच्या आहेत. मालकी बदलल्यावर शैली टिकेल का, याची मला स्वतःला धास्ती वाटत होती. सुदैवाने वाइन बाजारात आणण्याची घाई नव्या व्यवस्थापनाने केलेली नाही, उलट ती नियमापेक्षा अधिक काळ तळघरात ठेवली जाते.

नियमाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण लेबल वाचताना तो उपयोगी पडतो. ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनोला १९६६ मध्ये डीओसी हा मूळस्थानाची हमी देणारा सरकारी दर्जा आणि १९८० मध्ये त्याच्याही वरचा डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. ती शंभर टक्के सांजोव्हेजेची असावी लागते, हेक्टरी आठ टनांहून अधिक द्राक्षे घेता येत नाहीत, किमान दोन वर्षे ती लाकडात राहावी लागते, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी तिची विक्री करता येत नाही. म्हणजे २०१६ च्या द्राक्षांची वाइन २०२१ च्या आधी कोणालाही विकता येत नव्हती. रिझर्व्हासाठी हीच मुदत एक वर्षाने वाढते. २००८ मध्ये काही बाटल्यांत दुसऱ्या जातीची द्राक्षे मिसळली गेल्याच्या संशयावरून मोठी चौकशी झाली आणि नियम सैल करावा की काय, यावर मोन्ताल्चिनोत वाद पेटला, पण उत्पादकांनी प्रचंड बहुमताने शंभर टक्के सांजोव्हेजेचा नियम कायम ठेवला. फ्रान्को बिओन्दी सान्ती शुद्धतेच्या बाजूने ठाम उभे होते.

तीनपैकी कोणती बाटली घ्यावी

ग्रेप्पोच्या तीन वाइन आहेत आणि त्यांची विभागणी परंपरेने वेलांच्या वयावरून होत आली आहे. साधारण दहा वर्षांखालील वेलांची द्राक्षे 'रोस्सो दी मोन्ताल्चिनो'साठी, दहा ते पंचवीस वर्षांच्या वेलांची नेहमीच्या ब्रुनेल्लोसाठी, जिला तिथे 'अन्नाता' म्हणतात, आणि पंचवीस वर्षांवरील वेलांची 'रिझर्व्हा'साठी. रिझर्व्हा दरवर्षी होत नाही. हंगाम खरोखर उत्तम असेल तरच ती केली जाते, त्यामुळे १८८८, १८९१, १९२५, १९४५, १९५५, १९६४, १९७५ ही वर्षे वाइनच्या जाणकारांना तोंडपाठ असतात. यांतल्या १९५५ च्या रिझर्व्हाने या घराण्याचे नाव इटलीबाहेर नेले. १९६९ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष साराघात यांच्या लंडनभेटीत इटालियन दूतावासातील मेजवानीत ती राणी एलिझाबेथ यांच्यासमोर ठेवली गेली, आणि १९९९ मध्ये 'वाइन स्पेक्टेटर' या अमेरिकी मासिकाने विसाव्या शतकातील बारा सर्वोत्तम वाइन निवडल्या तेव्हा त्यांत इटलीची हीच एक होती.

निवड करताना स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की आपण किती थांबू शकतो. या महिन्यात किंवा या वर्षी बाटली उघडायची असेल तर रोस्सो घ्यावी. तिला दुय्यम समजण्याचे कारण नाही. तिची द्राक्षे त्याच मळ्यातली आहेत, हात तेच आहेत, आणि आंबट चेरी, वाळलेल्या वनस्पती, संत्र्याची साल असा या घराण्याचा सुगंध तिच्यात लगेच मोकळा होतो. अन्नाता घ्यायची असेल तर तोडणीच्या वर्षापासून किमान दहा वर्षे मोजावीत. रिझर्व्हा ही वीस वर्षांच्या आत उघडणे मला स्वतःला अन्नाची नासाडी केल्यासारखे वाटते. मुलीच्या जन्मवर्षाची रिझर्व्हा घेऊन ठेवणे, तिच्या लग्नात किंवा पंचविसाव्या वाढदिवसाला उघडणे, हे या वाइनच्या बाबतीत अगदी व्यवहार्य आहे. तेवढ्या वर्षांनी ती तिच्या उमेदीत असेल.

वर्ष निवडताना २०१०, २०१५ आणि २०१६ ही मोन्ताल्चिनोची उत्तम वर्षे म्हणून लक्षात ठेवावीत. २००२ आणि २०१४ पावसाची होती, तर २००३ आणि २०१७ कडक उन्हाची. प्रत्यक्ष मोन्ताल्चिनोला गेलात तर नगरपालिकेच्या जुन्या इमारतीची भिंत आवर्जून पाहा. १९९२ पासून प्रत्येक हंगामाच्या नावे तिथे एक चित्रित फरशी बसवली जाते आणि जुन्या फरश्यांवर त्या त्या हंगामाचा दर्जा ताऱ्यांनी दाखवलेला आहे. त्या भिंतीसमोर दहा मिनिटे उभे राहिले की गेल्या तीन दशकांचे पाऊसपाणी समजते. तरीही ग्रेप्पोच्या बाबतीत ताऱ्यांवर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. उंचीवरच्या या बागांनी उन्हाच्या वर्षांतही आपला ताजेपणा बऱ्यापैकी राखलेला आहे.

दुकानात एक घोळ हमखास होतो. 'याकोपो बिओन्दी सान्ती' हे नाव असलेल्या 'सास्सोआल्लोरो' यांसारख्या बाटल्याही बाजारात मिळतात. फ्रान्को यांचे चिरंजीव याकोपो यांनी मारेम्मा भागातील कास्तेल्लो दी मोन्तेपो या वेगळ्या मळ्यात त्या वाइन घडवल्या आहेत. त्यांना त्यांची स्वतंत्र शैली आहे, पण त्या ब्रुनेल्लो नव्हेत. आपल्याला हवी ती बाटली असेल तर लेबलवर 'तेनुता ग्रेप्पो' आणि 'ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो' हे दोन्ही शब्द शोधावेत, आणि गळ्यावर डीओसीजीची क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी आहे की नाही ते पाहावे.

बाटली हातात घेऊन काय पाहावे

प्रकाशासमोर बाटली सरळ धरावी आणि वाइनची पातळी पाहावी. दहा वर्षांच्या आतल्या बाटलीत ती गळ्यात, बुचाच्या जरा खाली असली पाहिजे. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत ती गळ्याच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या कडेला आली तरी काळजीचे कारण नाही, पण खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर आत हवा शिरलेली असते आणि पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी. त्यानंतर बुचावरच्या आवरणावरून अंगठा फिरवावा. बूच काठाच्या वर उचललेले लागले, किंवा आवरणाखालून वाइन पाझरून वाळल्याचा चिकट डाग दिसला, तर ती बाटली कुठेतरी तापली आहे असे समजावे.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका दुकानात उभ्या मांडणीवर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली ठेवलेली एक अन्नाता मला बरीच स्वस्त मिळाली. बूच दोन मिलिमीटर वर आले होते, हे घरी आल्यावर लक्षात आले. उघडली तेव्हा चेरीऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास आला आणि चवीत फक्त कोरडा आंबटपणा उरला होता. तेव्हापासून दुकानदार बाटल्या आडव्या ठेवतो का, दुकान दुपारीही गार असते का, हे पाहिल्याशिवाय मी अशा किमतीची वाइन घेत नाही.

किमतीचा अंदाज द्यायचा तर युरोपात रोस्सो शंभर युरोंच्या आत मिळू शकते, अन्नाता शंभर-दोनशेच्या घरात जाते आणि रिझर्व्हा कित्येक शेकड्यांत. भारतात आयात वाइनवर सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचे कर असल्याने येथील किंमत बरीच चढते. त्यामुळे परदेशातून येताना आणणे बहुतेकांना सोयीचे वाटते. येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या नियमात बसतात. चेक-इन बॅगेत प्रत्येक बाटली जाड लोकरी कपड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावी, कडेला नव्हे. महाराष्ट्रात मद्यासाठी कायद्याने वयाची अट आहे आणि परवाना लागतो, तोही काढून ठेवावा. घरी पोहोचल्यावर बाटलीला निदान दोन-तीन आठवडे विश्रांती द्यावी. प्रवासात हलल्याने गाळ वर येतो आणि सुगंध काही काळ मुका होतो.

आपल्या हवेत ती कशी जपावी

बाटली वर्षानुवर्षे ठेवायची तर १२ ते १४ अंश सेल्सिअस स्थिर तापमान, अंधार, बऱ्यापैकी दमट हवा आणि आडवी स्थिती या चार गोष्टी लागतात. आडवी अशासाठी, की बूच आतून ओले राहिले तरच ते फुगलेले राहते आणि हवा अडवते. मोन्ताल्चिनोत तळघर हे काम विनासायास करते. पुण्या-नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत कपाटातले तापमान पस्तिशीच्या पुढे जाते, आणि तशा दोन उन्हाळ्यांत ही वाइन तिच्या वीस वर्षांचे आयुष्य संपवून बसते. मुंबई-कोकणात कमाल तापमान कमी असले तरी उष्मा वर्षभर हटत नाही, म्हणून तिथेही हीच गत.

घरातला नेहमीचा फ्रिज हा उपाय काही आठवड्यांपुरताच ठीक आहे. त्याचे तापमान चार-पाच अंश असते, हवा कोरडी असते म्हणून बूच हळूहळू आक्रसते, आणि दार सतत उघडल्याने कंपने बसतात. दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल तर वाइनसाठीचे छोटे शीतकपाट घ्यावे. आठ-बारा बाटल्यांचे लहान कपाट एका रिझर्व्हाच्या किमतीच्या तुलनेत महाग नाही. वीज वारंवार जात असेल तर दार उघडू नये. आतली गारवट काही तास टिकते. यांपैकी काहीच शक्य नसेल तर, मनापासून सांगतो, रिझर्व्हाच्या वाटेला जाऊ नये. रोस्सो घ्यावी आणि हिवाळ्यात उघडावी.

उघडण्याच्या दिवशी

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे जरा सविस्तर सांगतो.

दोन दिवस आधी आडवी बाटली उचलून उभी करावी. वयस्क ब्रुनेल्लोत गाळ असतो, तो तळाशी बसायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. उभी केल्यानंतर ती पुन्हा हलवू नये.

आता बूच काढण्याची वेळ. फ्रान्को बिओन्दी सान्ती पाहुण्यांना नेहमी सांगत, ती ग्रेप्पोची जुनी पद्धत अशी आहे: जेवणाच्या सुमारे आठ तास आधी बाटली उघडावी, थोडी वाइन बाहेर ओतून पातळी बाटलीच्या खांद्यापर्यंत खाली आणावी आणि बाटली तशीच उघडी ठेवावी. वाइन काचेच्या रुंद भांड्यात ओतू नये. यामागचा विचार साधा आहे. गळ्यात वाइन असते तेव्हा हवेला भिडणारा तिचा पृष्ठभाग एका नाण्याएवढा असतो. खांद्यापर्यंत खाली आली की तो पृष्ठभाग बाटलीच्या पूर्ण रुंदीएवढा होतो, म्हणजे कित्येक पट वाढतो, आणि तरीही वाइन खळाळत नाही. ती हवा घेते, पण सावकाश. रुंद भांड्यात ओतल्यावर हेच काम धसमुसळेपणाने होते, आणि जुन्या वाइनचा नाजूक सुगंध पहिल्या अर्ध्या तासातच उडून जातो.

म्हणजे रात्री आठला जेवण असेल तर दुपारी बारालाच बूच काढावे. वीस वर्षांच्या आतल्या बाटलीला साधा स्क्रू चालतो. तो बुचाच्या मध्यावर सरळ रोवावा, शेवटचा वेढा बाहेर राहील इतकाच फिरवावा आणि धीराने, झटका न देता ओढावे. अधिक जुन्या बाटलीचे बूच आतून भुसभुशीत झालेले असते. त्यासाठी दोन पातळ पात्यांचे ओपनर मिळते. ती पाती बूच आणि काच यांच्या फटीत एकाआड एक ढकलत खाली न्यावीत आणि मग पिळा देत बूच वर आणावे. बूच निघाल्यावर ते नाकाजवळ न्यावे. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद पडलेल्या खोलीचा वास आला तर बूच सदोष होते आणि वाइन कितीही थांबली तरी सुधारणार नाही. दुर्दैवाने हे महागड्या बाटलीतही होते.

बाहेर ओतलेली ती अर्धा पेला वाइन फेकू नये. पेला झाकून ठेवावा आणि दर दोन तासांनी तिच्यातला एक घोट घ्यावा. गेल्या जानेवारीत माझ्याकडे पंधरा वर्षांची एक अन्नाता होती. दुपारी बारा वाजता ती जवळजवळ गप्प होती. लोखंडासारखा एक वास आणि दातांना जाणवणारी तुरटी, इतकेच. दोन वाजता आंबट चेरी वर आली. चारच्या सुमाराला वाळलेल्या पानांचा आणि तंबाखूचा गंध आला, आणि त्या वेळी माझ्या पत्नीने पेला हुंगून "हा तर आजोबांच्या पानाच्या डब्यातला वास" असे म्हटले, ते मला आजवर वाचलेल्या कुठल्याही वर्णनाहून अचूक वाटते. सात वाजेपर्यंत तुरटपणा विरघळल्यासारखा झाला होता आणि आंबटपणा तोच असूनही आता तो टोचत नव्हता. तोच आंबटपणा दुपारी प्यायलो असतो तर मीही तक्रार केली असती.

पन्नास-साठ वर्षांची बाटली असेल तर हे सगळे अधिक जपून करावे. काही बाटल्यांना आठ तास कमी पडतात, काहींना ते जास्त होतात, म्हणून अधूनमधून चव पाहत राहणे हाच मार्ग. रोस्सोला मात्र तासभर पुरे.

तापमानाबद्दल एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" हा नियम युरोपातल्या १७-१८ अंशांच्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे मार्चमध्ये खोली तिशीला पोहोचलेली असते, आणि त्या तापमानाला ब्रुनेल्लोतला मद्याचा अंश नाकात झोंबतो व बाकी सगळे झाकले जाते. आठ तास उघडी ठेवायची बाटली घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावी, वातानुकूलन असेल तर सुरू ठेवावे, आणि जेवणाआधी तिला हळुवारपणे बर्फ घातलेल्या गार पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे उभी करावी. पेल्यात ओतताना ती हाताला किंचित गार लागली पाहिजे.

पेला मोठ्या पोटाचा आणि तोंडाला निमुळता असावा, आणि एक तृतीयांशाहून अधिक भरू नये. पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरून पाहा. ही वाइन काळसर जांभळी नसते. मध्यभागी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल आणि कडेला विटकरी-नारिंगी छटा, आणि पेल्याच्या मागे धरलेले बोट दिसेल इतकी पारदर्शक. हा फिकेपणा पाहून अनेकांना वाइन पातळ वाटते, पण सांजोव्हेजेचा रंगच तसा आहे. चवीचा भार रंगावर ठरत नाही.

ओतताना बाटली एकाच हाताने, एकाच दिशेने, न थांबता तिरकी करत न्यावी. प्रत्येक पेल्यानंतर बाटली सरळ केली तर तळाचा गाळ प्रत्येक वेळी ढवळला जातो. म्हणून सगळे पेले जवळजवळ मांडून एका दमात भरणे चांगले.

सोबत काय वाढावे

मोन्ताल्चिनोत ही वाइन विस्तवावर भाजलेल्या गोमांसाच्या जाड तुकड्याबरोबर, रानडुकराच्या मांसाच्या रश्शाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या 'पिंची' या हाताने वळलेल्या जाड शेवयांबरोबर आणि शेजारच्या पिएन्झाच्या मेंढीच्या दुधाच्या मुरलेल्या चीजबरोबर घेतात. स्निग्धांश आणि प्रथिने तुरटपणाला धरून ठेवतात, हे त्यामागचे कारण.

आपल्या जेवणाशी तिची जुळणी करताना तिखट हा मुख्य अडथळा आहे. मिरची आणि तुरटपणा एकमेकांना भडकवतात, त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन वाढणे दोघांवरही अन्याय आहे. चिंच किंवा कोकम घातलेले पदार्थही टाळावेत. मला स्वतःला कमी तिखटाचे, कांदा-खोबरे खरपूस भाजून केलेले सुके मटण तिच्याबरोबर फार चांगले वाटले. शाकाहारी घरात तुपात परतलेल्या अळंब्या, भाजलेली वांगी मीठ-लसणीवर, आणि मुरलेले कडक चीज यांनी ताट उत्तम सजते. गोड पदार्थ मात्र वाइन संपल्यावरच आणावा.

अकलूजच्या सांजोव्हेजेवर हात बसवावा

इतकी महागडी बाटली उघडण्याआधी द्राक्षाची ओळख करून घ्यायची असेल तर त्यासाठी इटलीला जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात फ्रातेल्ली व्हिनयार्ड्सने सांजोव्हेजेची लागवड केलेली आहे. इटलीतले सेच्ची बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीचे सेखरी बंधू यांनी मिळून हा उद्योग उभारला, आणि वाइन घडवण्याचे काम तोस्कानाचेच पिएरो मासी यांच्याकडे सोपवले. माळशिरस तालुक्यातल्या उन्हात पिकलेल्या सांजोव्हेजेची तुलना ग्रेप्पोशी करणे योग्य नव्हे. तिथली द्राक्षे जास्त पिकतात आणि वाइन अधिक मऊ, फळाळ होते. पण लालसर चेरी, मध्यम रंग आणि जिभेच्या कडांना जाणवणारा आंबटपणा ही जातीची खूण तिच्यात ओळखू येते. अशी एक बाटली घेऊन वर सांगितलेला सगळा क्रम एकदा करून पाहावा: खांद्यापर्यंत ओतणे, तासातासाला चव घेणे, तापमान सांभाळणे. हात बसला की मग खरी बाटली काढावी.

जेवणानंतर बाटलीत वाइन उरली तर बूच उलटे न करता पहिल्यासारखेच लावावे आणि बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवावी. तरुण अन्नाता दुसऱ्या दिवशी पुष्कळदा अधिक मोकळी लागते. प्यायच्या तासभर आधी तिला बाहेर काढावे. जुनी रिझर्व्हा मात्र त्याच रात्री संपवावी, ती सकाळपर्यंत टिकत नाही. शेवटी तळाशी बोटभर गढूळ वाइन उरते, ती पेल्यात घेऊ नये. ती मटणाच्या रश्श्यात शेवटच्या उकळीला घालावी.